शकू, तुझा डबा माझ्याकडं राहिला

मंगळवारी गाडी वेळेवर आली, शकू. सव्वानऊला. मी नेहमीसारखी दुकानाची फळी पुसून ठेवली होती. दारातून तू उतरशील, तोंड दुसरीकडं करून डबे ठेवशील आणि न बोलता जाशील, असं धरून मीही तोंड दुसरीकडं करून बसले होते. म्हणून मला आधी दिसलंच नाही की उतरलं ते दुसरंच कोणीतरी.

"आजी, हे डबे तुमच्याकडंच द्यायचे असतात का?"

नवा कंडक्टर होता. पाचही डबे त्यानं एका पोत्यात कोंबले होते. एकाची आमटी सांडून पोतं पिवळं झालं होतं. मी म्हटलं, "शकुंतलाबाई कुठं हाय?"

"बाई वारल्या. काल संध्याकाळी."

"कोणती बाई?"

"आमच्याच. शकुंतलाबाई."

मी त्याला म्हटलं, "तोंड सांभाळून बोल. काल दुपारी ती इथून गेली." दुपारी गेलेलं माणूस संध्याकाळी मरत नाही, असं काही कुठं लिहिलेलं नाही. पण मी तसं म्हटलं. पोरगा घाबरला. तिकिटाचं मशीन छातीशी धरून म्हणाला, "ड्यूटी करून घरी गेल्या. चहा ठेवला. चहा उतू गेला म्हणून शेजारीण आत गेली."

एवढंच. आज सहावा दिवस आहे आणि माझं डोकं अजून त्या चहापाशीच अडकलेलं आहे. मी रडले नाही. तुला माहीत आहे, मला ते जमत नाही. पण मंगळवारपासून मी गिऱ्हाइकाला कुलूप देते आणि किल्ली द्यायची विसरते. दोन पोरं परत आली भांडायला.

लातूरच्या स्टँडाबाहेर मी तीस वर्षं बसते. कुलपं, कंगवे, साबण, टिकल्या, रुमाल. शिकायला आलेलं पोर गाडीतून उतरलं की आधी माझ्याकडून कुलूप घेतं. पेटीला. पहिल्या वर्षाच्या पोराला वाटतं, सगळं जग त्याचा साबण चोरायला टपलेलं आहे. तिसऱ्या वर्षाला कुलूप कोणी घेत नाही. तोवर साबण, चादर, चपला सगळ्या खोलीच्या झालेल्या असतात. हे मी तुला सांगितलं होतं तेव्हा तू हसली होतीस. "मावशी, तू कॉलेजात न जाता कॉलेज शिकलीस." चौथीपर्यंत शाळा माझी. मला ते आवडलं होतं. मी तसं दाखवलं नाही.

डब्यांचं तूच सुरू केलंस. अहमदपूरकडच्या गावांतल्या आया सकाळी फाट्यावर उभ्या राहायच्या आणि धावत्या गाडीत डबा फेकल्यासारखा द्यायच्या. डबे चुकायचे, सांडायचे. तू नियम घातलास. झाकणावर रंगानं नाव, बांधायला आईच्या जुन्या लुगड्याचा तुकडा, म्हणजे पोराला लांबूनही आपला डबा ओळखू यावा. लातूरला डबे माझ्या फळीवर. पोरांनी धुऊन आणायचे, दुसऱ्या दिवशी सकाळच्या फेरीला तू परत न्यायचे. तुझी ड्यूटी बदलली तरी त्या गाडीच्या कंडक्टरला तू आदल्या दिवशी दम देऊन ठेवायचीस. आणि शेवटचा नियम, जो मला फालतू वाटायचा: डबा रिकामा परत जायचा नाही. शेजारणीकडून वाटी आली तर आपण ती रिकामी देतो का? मग आईचा डबा रिकामा कसा द्यायचा? काहीही घाला. दोन पेरू, चिठ्ठी, सेफ्टी पिना. पहिल्या वर्षाची पोरं इमानानं घालायची.

अंकिता त्यातलीच. फाट्यावरच्या सुमनबाईची लेक, इंजिनिअरिंगची. पहिल्या वर्षाला गाडी यायच्या आधी अर्धा तास येऊन उभी असायची. दोन वेण्या, हातात वही. डबा माझ्यासमोरच उघडायची, झाकणाचा वास घ्यायची आणि सांगायची, "आज आईनं घाई केली, मीठ जास्त पडलंय." तुला विचारायची, "आई काय बोलली का? साडी कोणती होती? खोकला कमी हाय का?" तू गाडीला उशीर करून उत्तरं द्यायचीस. ड्रायव्हर हॉर्न मारायचा. तेव्हा तिला कलेक्टर व्हायचं होतं आणि आईला माडीचं घर बांधायचं होतं.

दुसऱ्या वर्षी वेण्या गेल्या. केस कापले, ठीक आहे. एक दिवस मला हळूच म्हणाली, "मावशी, डबा काळ्या पिशवीत घालून ठेवाल का? ते लुगडं नको दिसायला." बरोबर दोन मैत्रिणी होत्या. मी पिशवीत घालून दिला आणि ती गेल्यावर तुला म्हटलं, "बघ. लाज वाटायली हिला."

तू म्हणालीस, "वाटू दे. मला काय नवीन हाय?"

मग तू पहिल्यांदा तुझ्या पोराचं सांगितलंस. तो नांदेडला शिकत होता तेव्हा तुझी ड्यूटी नांदेड फेरीवर होती. पोळी-भाजी घेऊन तू कॉलेजच्या फाटकाशी जायचीस, खाकी अंगावरच. दुसऱ्या वर्षी तो म्हणाला, आई, युनिफॉर्मवर येत जाऊ नको. तू जाणं बंद केलंस. दोन वर्षं गाडी नांदेडला टेकली की तू स्टँडातच बाकावर बसून राहायचीस, कॉलेज चालत दहा मिनिटांवर. आणि चौथ्या वर्षी एक दिवस तो स्वतःच आला. चार मित्र घेऊन. तुझी कॅश बॅग आपल्या खांद्याला लावली आणि म्हणाला, ही माझी आई, हिची गाडी कधी लेट होत नाही.

"तवापासून मला कळलं, मावशी. चौथ्या वर्षाला परत येतात."

"सगळे न्हाई येत."

"येतात. लाव पैज."

माझा पोरगा बी.कॉम. झाला, ठाण्याला गेला, सणाला फोन करतो. मी पैज लावली. अंकितावर. ती चौथ्या वर्षी आपणहून डब्यासाठी आली तर मी तुझ्या गाडीत बसून अहमदपूरला तुझ्या घरी जेवायला यायचं. नाही आली तर तू हा डब्यांचा खटाटोप बंद करायचा. तीस वर्षं स्टँडावर बसून मी गाडीत किती वेळा बसले असेन? तू म्हणायचीस, "आता तर तुला तिकीट बी लागत न्हाई, पंच्याहत्तरी झाली." मी म्हणायचे, "मग तर येतच न्हाई. फुकटात खिडकी बी नीट भेटत न्हाई."

तिसऱ्या वर्षी अंकिता यायचीच बंद झाली. आधी मैत्रिणीला पाठवायची, मग ते पण थांबलं. एकदा मी तिला बघितलं, मोर्चात. वसतिगृहाला पाणी येत नव्हतं म्हणून पोरी रस्त्यावर बसल्या होत्या. ही सगळ्यांत पुढं, गळ्याच्या शिरा ताणून घोषणा देत होती. मी तुला चिडून सांगितलं, "आईची भाकर न्यायला टाइम न्हाई आन् दुसऱ्याच्या पाण्यासाठी बोंबलायली."

तू म्हणालीस, "मावशी, आधी तिच्या डोक्यात एक आई होती. आता लई माणसं आली. जागा लागते की."

"आई बाहेर काढून?"

"बाहेर न्हाई. जरा सरकून. तू चौथी शिकलेली बाई, इंजिनिअर पोरीला नापास करायलीस."

तुझ्याकडं प्रत्येक गोष्टीला असं उत्तर असायचं. मी म्हणायचे पोरं बिघडतात, तू म्हणायचीस वाढतात. मी म्हणायचे तुला डोळे नाहीत, तू म्हणायचीस तुला दम नाही. ते भांडण आपलं तसंच राहिलं.

डबा मात्र येत राहिला. सुमनबाई रोज फाट्यावर उभी. तू तो माझ्यामागं खोक्यावर बसून खायचीस. "अन्न टाकायचं का मावशी?" म्हणायचीस, मग नळावर धुऊन आणायचीस. आणि त्याच दिवसांत तू माझ्याकडून टिकल्या घ्यायला लागलीस. दर आठ-दहा दिवसांनी पाकीट. कधी रुमाल, कधी केसाची पिन. मी चेष्टा करायचे, "पन्नाशी उलटली, आता कुणासाठी नटायलीस?" तू म्हणायचीस, "ड्रायव्हरसाठी." ड्रायव्हर बिचारा लाल व्हायचा.

मग सुमनबाई एकदा लातूरला आली, डोळे दाखवायला. माझ्या समोर उभी राहिली. कपाळाला माझीच टिकली, लाल, बारीक. म्हणाली, "माझ्या लेकीनं पाठवली. डब्यात घालून देती कायबाय."

शकू, मला आयुष्यात खोटं सहन झालेलं नाही. मी तिथल्या तिथं म्हटलं, "तुझी लेक वर्ष झालं डबा न्यायला आली न्हाई. खाते कंडक्टरीण आन् टिकल्या बी तीच घालते."

सुमनबाईच्या डोळ्यांत औषध घातलेलं होतं, ते पुसत गेली.

दुसऱ्या दिवशी तू आलीस ती पांढरी पडून. "काय बोललीस तू तिला?" मी म्हटलं, खरं ते बोलले. आणि वर आणखी बोलले: "दुसऱ्याच्या लेकीचा डबा खायचा आन् टिकली वाटून आई व्हायचं. लाज वाटू दे." हे मी गाडीसमोर बोलले, ड्रायव्हरसमोर, चार प्रवाशांसमोर. तू पाच डबे फळीवर ठेवलेस. सहावा नव्हता. मग अकरा दिवस तू माझ्याशी बोलली नाहीस. मीही नाही. मला वाटलं, चार दिवस रुसेल, जाईल कुठं?

गुरुवारी, तू जाऊन तीन दिवस झालेले, सव्वानऊच्या आधी अर्धा तास एक पोरगी माझ्या फळीसमोर येऊन उभी राहिली. मी ओळखलंच नाही. चष्मा, वाळलेली, हातात फाइल.

"मावशी, माझा डबा येत न्हाई का?"

अंकिता. चौथ्या वर्षाला लागली होती.

मी म्हटलं, "तुला कशाला पाहिजे?"

"वर्षभर आईला फोनवर सांगायले बंद कर, माझं मी बघते. ती ऐकेना. आन् पंधरा दिवसांखाली म्हणाली, बरं, केला बंद. त्याच्यानंतर मला कशात मन लागंना." मग म्हणाली, "मला माहीत होतं इथं येतो म्हणून. येते-येते म्हणून राहून गेलं. एवढे दिवस डब्याचं काय केलं तुम्ही?"

मी तिला सांगितलं. शकुंतलाबाई खायची, शकुंतलाबाई वारली. पोरगी म्हणाली, "कोण शकुंतलाबाई?"

शकू, दोन वर्षं तू तिला तिच्या आईचा खोकला सांगितलास. तिला तुझं नाव माहीत नव्हतं. मी म्हटलं, "कंडक्टरीण. जाड भिंगाचा चष्मा." तेव्हा तिनं तोंडावर हात ठेवला. खाली पायरीवरच बसली. बराच वेळ. रडली, मी रडू दिलं. समजूत घालायला गेले नाही, मला राग आला होता.

उठताना मी तिला टिकल्यांचं सांगितलं. ती म्हणाली, "पण आई टिकली लावतच न्हाई. तिचं कपाळ उठतं टिकलीनं. ती मेण लावून कुंकू लावते, लहानपणापासून बघायले मी."

मी तिला म्हटलं, परत सांग. तिनं परत सांगितलं.

त्या दिवशी मी दुपारीच फळी बंद केली. तीस वर्षांत असं तीनदा झालं असेल.

शनिवारी सुमनबाई आली. तुझ्या घरी जाऊन आली होती, मग लेकीला भेटायला इकडं. कपाळाला टिकली होती आणि तिच्याभोवती लाल चट्टा. मी विचारलं, "तुला माहीत होतं?"

"पहिल्याच पाकिटाला कळलं, मावशी. माझी लेक मला टिकली कशाला पाठवंल?"

"मग लावली कशाला?"

"बाई फाट्यावर गाडीतनं वाकून माझ्या कपाळाकडं बघायच्या. न लावून कसं चालंल?" मग म्हणाली, "सकाळी सहाला घरातनं निघायच्या. एकटी बाई, पोरगा पुण्याला. तिला कोण डबा करून देणार? लेक खात न्हाई हे कळलं तवा मी एक भाकर वाढवली. बाईंना ठेचा आवडायचा, तो घालायला लागले. लेकीला ठेचा चालत न्हाई."

मला ठेचा आठवला. तू खोक्यावर बसून डोळ्यांतून पाणी काढत खायचीस आणि म्हणायचीस, ही अंकिता लई तिखट खाते बघ.

"मग बंद का केला?" मी विचारलं. मला उत्तर कळलं होतं, तरी विचारलं.

"मी कुठं केला? मी दुसऱ्या दिवशी घेऊन उभी व्हते. तुमचं बोलणं बाईंच्या कानावर आधीच कुणी घातलं व्हतं. बाईंनी हातच पुढं केला न्हाई. म्हणाल्या, सुमनबाई, आता देऊ नका. मी म्हटलं मला सगळं आधीच माहीत हाय, घ्या. पर गाडी हलली. हॉर्नात ऐकू गेलं का न्हाई, कोणास ठाऊक. पुढं रोज उभी राहिले. त्या दुसऱ्या खिडकीकडं बघायच्या."

आणि गाडी लातूरला आली की तू माझ्यासमोर दुसरीकडं बघायचीस. अकरा दिवस. उपाशी मेलीस असं मी म्हणणार नाही. डॉक्टर म्हणाले हृदय, तर हृदयच असेल. पण अकरा दिवस माझ्यामागचं खोकं रिकामं होतं आणि तू कुठं, काय खाल्लंस, हे मी एकदाही विचारलं नाही.

मला वाटलं होतं, मी दोन बायांमधलं खोटं उघडं पाडलं. दोघींना सगळं माहीत होतं. एक खोटं देत होती, दुसरी ते जाणूनबुजून घेत होती, आणि मधल्या मध्ये दोघींचं पोट भरत होतं. माहीत नव्हतं ते फक्त मला. मी खऱ्याची मोठी मालकीण.

आता पैजेचं. अंकिता चौथ्या वर्षी आली. आपणहून आली. म्हणजे तू जिंकलीस. पण डबा बंद झाला म्हणून आली, आणि तो बंद पाडला मी. मग ती वर्षं सरली म्हणून आली की माझ्या जिभेनं आली? हे मला ठरवता येत नाही. तू असतीस तर म्हणाली असतीस, "हरलीस, मावशी, फाटे फोडू नको." मी म्हटलं असतं, "फोडणार." गाडीनं हॉर्न मारला असता.

अंकिताला मी विचारलं, आता कलेक्टर व्हायचं का? म्हणाली, "न्हाई. पाण्याचं काम शिकायचंय. गावाकडच्या टाकीचं, नळाचं." आणि माडी? "आईला माडी नको असते, मावशी, मला आता कळलं. तिला फाट्यावर बसायला बाक पाहिजे." मला हे बोलणं पटलं. तिला तसं सांगितलं नाही. पण काळी पिशवी पुढं केली तर तिनं ती घेतली नाही. सुमनबाईनं आणलेला डबा लुगड्यासकट छातीशी धरून स्टँडातून गेली.

नव्या कंडक्टरला मी डबे कसे धरायचे ते शिकवलं आहे. शिकतो. तोंडाळ नाही, तेवढं बरं.

राहिला तुझा डबा. आपलं भांडण व्हायच्या आदल्या दिवशी तू माझ्यासाठी जवसाची चटणी आणली होतीस, तुझ्या त्या लहान पितळी डब्यात. चटणी मी त्याच आठवड्यात संपवली. डबा फळीखाली राहिला. रिकामा द्यायचा नाही हा तुझा नियम, आणि भरून द्यायला माझा हात पुढं होईना. रोज वाटायचं, आधी तू बोल, मग देईन.

उद्या सकाळच्या गाडीनं येते. तुझ्या घरी चूल बंद असेल, म्हणून पिठलं करून डब्यात भरून आणते. लहान डबा आहे, घरच्यांना पुरणार नाही. भाकरी वेगळ्या बांधते. कंडक्टरच्या शेजारची जागा मागणार आहे. तिकीट लागत नाही, तू म्हणाली होतीस.

आणि एक. चटणी दिलीस तेव्हा तू समोर उभी राहिली होतीस, कशी झाली म्हणून. मी बोट लावून म्हटलं, मीठ कमी आहे. तू "बरं" म्हणून गाडीत चढलीस. मीठ कमी नव्हतं, शकू. चटणी चांगली होती. मी खोटं बोलले.